मोठ्या ढोलाचं पोट

चंद्रभागाबाई खांबेट्यांनी हात वर केला तो पंख्यासाठी. शाळेच्या हॉलमधला पंखा नेमका त्यांच्या डोक्यावर इतका कुरकुरत होता की व्यासपीठावरचं अक्षर ऐकू येत नव्हतं. पंखा जरा कमी करता येईल का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. त्याच क्षणी तिकडे गिल्बर्ट मास्तरांनी पालकांना विचारलं होतं, "दौऱ्यावर पोरांचं जेवण कोण बघणार?" भरल्या हॉलमध्ये वर असलेला हात एकच. टाळ्यांचा असा कडकडाट झाला की पंखासुद्धा ऐकू येईनासा झाला.

ही गोष्ट डोंबिवलीची, शहाऐंशी सालच्या उन्हाळ्यातली. गिल्बर्ट मास्तर शाळेच्या बँड पथकाचे शिक्षक. राहायला ठाण्याला, रविवारी चर्चमध्ये ट्रंपेट वाजवायचे आणि बाकीचे सहा दिवस आमच्या मुलांच्या तोंडून बिगुलाऐवजी जे काही बाहेर पडे ते ऐकायचे. त्यांच्या बोटीवरच्या चुलतभावाने अमेरिकेतून एक रंगीत मासिक आणून दिलं होतं. त्यात ढोल-बिगुल वाजवणारी मुलं-मुली उन्हाळाभर गावोगाव दौरे काढतात, शाळांच्या फरशीवर झोपतात, असे फोटो होते.

"आणि मॅडम, तिकडे मदर लोक ट्रकात किचन घालून मागून फिरतात," मास्तर भारावून सांगत. "आपण काय कमी आहोत?"

अमेरिकेत म्हणे दोन मुक्कामांत पाचपाचशे मैलांचं अंतर असतं. आमच्या दौऱ्याचा पहिला मुक्काम होता ठाकुर्ली. डोंबिवलीहून तिथे माणसं संध्याकाळची पाय मोकळे करायला जातात. मग कल्याण, मग टिटवाळा, मग ठाण्याला स्पर्धा आणि शेवटी परत डोंबिवलीत गावातून संचलन. दौरा म्हटला की ट्रक हवाच म्हणून ट्रक ठरला. सामान ट्रकमधून जाणार होतं. मुलं चालत.

आता चंद्रभागाबाईंच्या स्वयंपाकाबद्दल सांगितलं पाहिजे. त्या सार्वजनिक वाचनालयात नोकरीला होत्या आणि एका हातात पुस्तक धरून दुसऱ्या हाताने स्वयंपाक करायच्या. वाचनालयात चांगली कादंबरी आली की इमारतीला ते आधी वासाने कळे. डाळ नुसती लागली असेल तर पुस्तक बरं आहे. पातेलं खिडकीत पालथं पडलं असेल तर शेजारणी दुसऱ्या दिवशी नंबर लावायला जात. त्या उन्हाळ्यात त्या बेचाळीस वर्षांच्या होत्या. स्वयंपाक पुढे केव्हातरी सावकाश शिकू, भरपूर वेळ आहे, असं वाटण्याचं ते वय.

त्यांची मुलगी मालू तेरा वर्षांची. पथकात ती मोठा ढोल वाजवायची, म्हणजे छातीवर पट्ट्याने अडकवायचा तो आडवा, गाडीच्या चाकाएवढा. त्यामागे ती उभी राहिली की समोरून फक्त ढोल आणि दोन पाय दिसत. मुलीने ट्रँगल वाजवावा, फार तर झांजा, असं शाळेचं मत होतं. मालूने सहा महिने भांडून ढोल मिळवला होता, तोही बोलीवर. मास्तर म्हणालेले, "ठाण्याला ठोका सुटला नाही तर ढोल तुझा. सुटला तर जूनपासून जेराल्डचा." जेराल्ड नववीतला, आडवा-तिडवा मुलगा. त्याला ढोल नकोच होता बिचाऱ्याला. पण तो ढोलाच्या मापाचा होता, हा त्याचा गुन्हा.

सभेची बातमी मालूला जिन्यातच कळली.

"आई, तू हात वर केलास?"

"पंख्यासाठी गं."

"मग तसं सांगितलं का नाहीस?"

"सगळे टाळ्या वाजवत होते. लोक टाळ्या वाजवत असताना नाही कसं म्हणायचं?"

मालू ढोलाची टिपरी दप्तरात ठेवत म्हणाली, "ये. पण तिथे मला हाक मारायची नाही. बाळ नाही, सोनू नाही, मालूसुद्धा नाही. आपलं आडनाव एक आहे, एवढंच."

चंद्रभागाबाईंनी मान्य केलं. वाईट वाटलं, पण मुद्दा त्यांना पटला होता. या मुलीचा ढोल आपल्यामुळे जाता कामा नये, एवढी एकच गोष्ट त्यांनी मनाशी पक्की केली. बाकी सगळं त्या दिवसापासून सैल होत गेलं.

त्यांचे यजमान उत्तमराव म्हणाले, "मी आहे ना तुझ्या पाठीशी." ते खरंच पाठीशी होते. पेपर उघडून, आरामखुर्चीत. तिथून त्यांनी एका मुलाला दिवसाला किती उष्मांक लागतात याचं कोष्टक करून दिलं. ढोलवाल्याला जास्त, ट्रँगलवाल्याला कमी, आणि झेंडा धरणाऱ्याला वाऱ्याचा जोर बघून.

तळमजल्यावरच्या गंगुबाईंचं शास्त्र वेगळं होतं. "बिगुलवाल्यांना दही देऊ नका, कफ होतो. काकडी देऊ नका, लाळ सुटते. वाटाणा तर मुळीच नको."

"वाटाण्याने काय होतं?"

"अहो, फुंकायचं असतं ना जोर लावून? भलतीकडून वाजायचं."

दुसऱ्या मजल्यावरून ताकात हिंग घालण्याचा सल्ला आला, शेजारच्या इमारतीतून हिंग अजिबात न घालण्याचा. सगळ्यांचं मन राखायचं तर मुलांना गरम पाणी आणि राजगिऱ्याचा लाडू यांखेरीज काही देता येणार नव्हतं, आणि राजगिऱ्याबद्दल अजून तिसऱ्या मजल्याला विचारलेलं नव्हतं.

खरी अडचण निघाली रॉकेलची. तीस-बत्तीस मुलांचा स्वयंपाक म्हणजे मोठे दोन स्टोव्ह, आणि रेशनकार्डावर मिळणाऱ्या रॉकेलमध्ये एक स्टोव्ह जेमतेम खाकरायचा. जादा रॉकेलसाठी अर्ज करावा लागे. चंद्रभागाबाई अर्ज घेऊन रेशनिंगच्या साहेबांपुढे उभ्या राहिल्या. साहेबांनी तो वाचला, उलटा करून मागे काही आहे का पाहिलं आणि विचारलं, "कार्य काय?"

"बँडचा दौरा आहे मुलांचा."

"ते कळलं. कार्य काय? लग्न, मुंज, की तेरावं? जादा रॉकेल या तीन कार्यांना मिळतं."

"यातलं काहीच नाही."

"मग ठरवा आणि या," साहेब सौम्यपणे म्हणाले. माणूस वाईट नव्हता. तीन कप्पे घेऊन बसला होता आणि चौथी वस्तू घेऊन कुणी आलं की त्याला मनापासून दुःख होत असे.

घरी विचारविनिमय झाला. लग्न म्हटलं तर नवरा-नवरीची नावं लागणार. तेरावं म्हटलं तर कुणाचं, हा प्रश्न येताच उत्तमराव पेपर खाली ठेवून म्हणाले, "माझ्याकडे बघू नका." राहिली मुंज. दुसऱ्या दिवशी चंद्रभागाबाईंनी 'सामुदायिक मुंज' असा नवा अर्ज दिला. साहेब खूश झाले. मग त्यांनी बटूंची नावं मागितली. इथे बाईंच्या प्रामाणिकपणाने दगा दिला. त्यांनी पथकाचीच नावं धडाधडा सांगितली.

"मोरू... कान्हा... मालती..." साहेब लिहिता लिहिता थांबले. "मुलींची मुंज?"

"पूर्वी होत असे. ग्रंथांत आधार आहे."

"जेराल्ड?"

"हो."

"ज्युलियाना?"

"सामुदायिक आहे ना," त्या म्हणाल्या. "कुणाला वगळायचं नाही, असं ठरलंय."

साहेबांनी यादी वरपासून पुन्हा वाचली. मग शिक्का मारला. "चांगलं आहे," ते म्हणाले. "एवढं आमच्या वेळी नव्हतं."

मेच्या दुसऱ्या आठवड्यात दौरा निघाला. ठाकुर्लीला रेल्वेच्या मैदानात पहिलं संचलन झालं आणि पहिलं जेवण. बाईंनी खिचडी केली होती. एवढ्या मोठ्या पातेल्यातली खिचडी खाली करपते, मध्ये गिच्च होते आणि वर कच्ची राहते हे कुठल्याच पुस्तकात दिलेलं नव्हतं. मुलं रांगेने आली. पहिल्यांना कच्ची मिळाली, मधल्यांना लगदा आणि शेवटच्यांना कोळसा, त्यामुळे खिचडी कशी होती यावर मुलांमध्ये अखेरपर्यंत एकमत झालं नाही. मालू आली, तिने ताट पुढे केलं आणि अनोळखी माणसाशी बोलावं तसं म्हणाली, "थोडीच, काकू."

काकू! बाईंनी डाव गच्च भरला होता. पण करार तो करार. त्यांनी थोडीच वाढली.

कल्याणला तीन दिवसांचा मुक्काम एका विश्वस्त संस्थेच्या हॉलमध्ये होता. हॉल फुकट होता, त्यामुळे नियम भरपूर होते. दारावरच पाटी: मांसाहार, धूम्रपान, चपला आणि मोठ्याने हसणे यांस मनाई. ढोलाबद्दल काही लिहिलेलं नव्हतं, हे आमचं नशीब. तिथला रखवालदार विश्राम दिवसातून चारदा येऊन भांड्यांची झाकणं उघडून बघे. आत बाईंचं पिठलं दिसलं की त्याची शंका फिटे. असं काही मुद्दाम चवीसाठी कुणी करणार नाही, हे त्यालाही कळत होतं.

पथकातली निम्मी मुलं खाडीकाठची, कोळ्यांची आणि ख्रिश्चनांची. बिगुलवाले तर सगळेच. घरी दोन्ही वेळा मासळी खाऊन छाती भरलेली ही मुलं पिठलं, वरण, पुन्हा पिठलं या फेऱ्यात विझत चालली. कल्याणच्या रस्त्यावर संचलन निघालं तेव्हा बिगुलांतून सायकलच्या चाकातली हवा जावी तसा आवाज येत होता. फुटपाथवर नेमके रेशनिंगचे साहेब उभे होते. त्यांनी हात जोडले आणि शेजाऱ्याला कौतुकाने सांगितलं, "मुंज झाल्यावर लगेच रस्त्यावर आणलंय. थकलेत बटू."

टिटवाळ्याला कहर झाला. भर उन्हात ढोलाचं एका बाजूचं पान, म्हणजे वाजवायचं चामडं, फाट्कन फाटलं. मालूने उरलेल्या बाजूवर ठोका चालू ठेवला, पण मागून बिगुल येईचनात. कान्हा नावाचा मुख्य बिगुलवाला मध्येच खाली बसला.

कल्याणच्या हॉलवर परत आल्यावर गिल्बर्ट मास्तर भांड्यांशेजारी येऊन उभे राहिले. "मॅडम, राग मानू नका," ते म्हणाले. "बिगुल ओठांनी वाजत नाय, पोटाने वाजतो. परवा ठाण्याला पोरं अशीच वाजवणार असतील तर ढोल कितीही धरू दे, पथक पडणार. मग मी प्रिन्सिपॉलला काय सांगू? ढोल मोठ्या पोराला द्या, असंच ते बोलणार."

पलीकडे मालू फाटक्या ढोलावर हात ठेवून बसली होती. तिला ऐकू गेलं असावं. तिची पाठ फार ताठ होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कान्हाची आई आवडाबाई त्याला बघायला आली. डोंबिवलीच्या बाजारात ती सुकी मासळी विकायची. पिठल्याचं पातेलं तिने पाहिलं, मुलाकडे पाहिलं, पुन्हा पातेल्याकडे पाहिलं.

"काय गो बाय, पोरांना काय खायला लावलंस?"

"अहो, मला येतं तेवढं करते मी," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पदराने डोळे टिपले.

"रडतंस कशाला? तुझी नाय चूक. पोरांच्या पोटाची सवय हाय ती." आवडाबाईने पाटीतून वर्तमानपत्रात बांधलेला मोठा पुडा काढला. "हे सुके बोंबील. उद्या ठाण्याला मास्तरची म्हातारी आई, रोझाबाय, तिच्या घरी मी रांधते. माझी पाटी उद्या भरलेली, म्हणून हे तुझ्यापाशी ठेव. पोरं खातील नि मग वाजवतील, बघ. मास्तरला बोलू नको. त्याने हॉलवाल्याला जबान दिलीय, तो घाबरट माणूस."

"इथे? पण पाटी..."

"पाटी वाचते कोण?" असं म्हणून आवडाबाई निघून गेली.

चंद्रभागाबाईंनी जन्मात मासळीला हात लावला नव्हता. त्यांनी पुडा उघडला. पन्नासएक वाळके, वाकडे, काटकुळे बोंबील त्यांच्याकडे तोंड वासून बघत होते. घरात आलेली कुठलीही वस्तू, तांदूळ असो, डाळ असो, मनुका असो, आधी धुवायची, ही त्यांच्या आईची शिकवण. बाईंनी बादली घेतली आणि बोंबील धुतले. एकदा नाही, पाणी स्वच्छ होईपर्यंत, तीनदा. मग ते पाणी निथळायला आपल्या जुन्या सुती साडीत बांधले. कोरडे होते तोवर ते बोंबील बिचारे गप्प होते. भिजल्यावर त्यांना कंठ फुटला.

इतक्यात विश्रामच्या चपलांचा आवाज आला. चपलांना मनाई सगळ्यांना होती, विश्रामला नव्हती. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. कोपऱ्यात मालूचा ढोल होता, फाटलेलं पान काढून टाकलेला, एका बाजूने उघडा. त्यांनी गाठोडं आत टाकलं.

विश्राम आला. त्याने झाकणं उघडली. हवेत नाक फिरवलं. "कसला वास हो?"

"पिठल्याचा."

विश्रामने सहानुभूतीने मान हलवली आणि तिथेच बसला. त्याला गुडघ्यांचा त्रास होता आणि तो कुणाला तरी सांगायचा होता. उजवा गुडघा संपून डावा सुरू झाला तोच गिल्बर्ट मास्तर नवं पान घेऊन आले. त्यांनी ढोलात डोकावलं. मोठ्या ढोलाचा आवाज फार घुमू नये म्हणून आत जुनं कापड घालायची पद्धत असते, हे बाईंना तोवर माहीत नव्हतं.

"अरे वा, साडी घातली? शाब्बास, मॅडम. मी बोलणारच होतो," मास्तर म्हणाले. त्यांनी पान चढवलं आणि स्क्रू आवळायला घेतले. सर्दी त्यांना तीन दिवसांपासून होती.

बाईंनी तोंड उघडलं. समोर विश्राम होता. त्यांनी तोंड मिटलं. विश्राम गेल्यावर सांगू, असं ठरवलं. तर विश्राम जायच्या आत विश्वस्त निरोप द्यायला आले. संध्याकाळी मास्तर ठाण्याला घरी गेले, स्क्रूचा पाना खिशात घेऊन. सकाळी ट्रकमध्ये सामान चढताना बाईंनी शेवटचा प्रयत्न केला. मालू ढोल उचलून चालली होती.

"अगं मा..." एवढंच त्या म्हणाल्या. मालूने मागे वळून असं पाहिलं की उरलेलं अक्षर त्यांनी गिळून टाकलं. हाक मारायची नाही, म्हणजे नाही. एरवी करार मोडण्यात कुणी एवढी अडचण मानत नाही, पण चंद्रभागाबाई वाचनालयातल्या. दिलेला शब्द आणि नेलेलं पुस्तक, दोन्ही परत येतात यावर त्यांची श्रद्धा.

ठाणं लांब म्हणून या वेळी मुलंही ट्रकमध्येच होती, आणि ट्रकने मुंब्र्याजवळ तास खाल्ला. रोझाबाईंच्या घरी जाणं राहूनच गेलं. ठाण्यात खोपटला एस.टी. डेपोजवळ ट्रक पोचला तेव्हा बाकीची पथकं रांगेत उभी होती आणि शिट्टी वाजत होती. मुलं उपाशीपोटी तशीच उतरून उभी राहिली. इथून मैदानापर्यंत संचलन. परीक्षक होते लष्करातून निवृत्त झालेले एक बँडमास्तर. मिशा अशा की वेगळ्या गुणांना पात्र व्हाव्यात.

मालूने पहिला ठोका दिला. 'धम' ऐवजी 'धप्प' असा जाड, ओला आवाज आला. तिचे डोळे मोठे झाले. पण दुसरा ठोका वेळेवर पडला. तिसराही.

गिल्बर्ट मास्तरांच्या पथकात ढोल पुढे आणि बिगुल त्याच्या लगेच मागे, कारण मासिकातल्या फोटोत तसं होतं. ऊन वाढलं तसा ढोल तापला. प्रत्येक ठोक्यासरशी ढोलाच्या कडेला हवेसाठी ठेवलेल्या भोकातून एक-एक फुंकर बाहेर पडू लागली आणि ती थेट बिगुलवाल्यांच्या नाकात. कान्हाची मान आधी वर झाली. मग ज्युलियानाची. मग मोरूची. तीन दिवस पिठल्यावर जगलेल्या त्या मुलांना भर रस्त्यात घराचा वास आला. त्यांनी छातीभर श्वास घेतला, आणि आणखी हवा म्हणून आणखी घेतला, आणि एवढा घेतलेला श्वास बाहेर जाणार कुठून? बिगुल असे कडाडले की डेपोतल्या एका एस.टी.च्या ड्रायव्हरने दचकून हॉर्न दिला.

पहिलं मांजर डेपोच्या भिंतीवरून उतरलं. काळं-पांढरं, एका कानाचं. ते ढोलाच्या बाजूने चालू लागलं. कोपऱ्यावर दोन आली. चहाच्या टपरीखालून आणखी तीन. मैदानाचं वळण आलं तेव्हा पथकामागे मांजरांची एक स्वतंत्र तुकडी झाली होती, शेपट्या वर, आणि खरं सांगायचं तर पहिल्या दोन पथकांपेक्षा त्यांची रांग सरळ होती. रस्त्याकडेच्या लोकांना ही करामत बसवलेली वाटली. टाळ्या पडू लागल्या.

चंद्रभागाबाई कडेकडेने धावत होत्या. पदर खोचलेला, हातात डाव, आणि जमेल त्या मांजराला "शुक, शुक" करत. त्यांना बिगुल ऐकू येत नव्हते, टाळ्या ऐकू येत नव्हत्या. त्या फक्त ठोका ऐकत होत्या. डावा, उजवा, धप्प. डावा, उजवा, धप्प. एक मांजर मालूच्या पायात घुटमळलं. बाईंनी डोळे मिटून घेतले. धप्प. ठोका पडला, जिथे पडायचा तिथे.

मैदानात पथक थांबलं. परीक्षक ढोलापाशी आले. वाकले. मिशांची दोन्ही टोकं हलली.

"तुझं नाव काय?"

"मालती खांबेटे, सर."

"ढोलाचा आवाज असा का येतो?"

"आत जुनी साडी आहे, सर. आवाज मऊ होतो."

"आणि हा वास?"

ओळीत कुणी हललं नाही. गिल्बर्ट मास्तरांच्या कपाळावरून घाम ओघळला. मालूने ढोलाकडे पाहिलं. तिला आत्ता सगळं कळलं होतं. साडीची किनार भोकातून दिसत होती, आणि किनारीच्या पलीकडून एक बोंबील बघत होता.

"साडी ज्यांची आहे त्यांना माहीत, सर," ती म्हणाली.

"कुणाची आहे?"

बाई मैदानाच्या कडेला एका खांबाआड सरकल्या. आता ही काकू म्हणणार, की खांबेटे बाई म्हणणार, एवढंच बघायचं राहिलं होतं. काहीही म्हणो, ढोल तिच्याकडे राहो.

मालूने टिपरी उचलली आणि सरळ खांबाकडे दाखवली. "त्या. हातात डाव आहे त्या. मघाशी मांजरं हाकत होत्या त्या. माझी आई." आणि मग, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा ढोलवाल्याच्या आवाजात, "आई, खांबाआड काय उभी आहेस? इकडे ये ना!"

बाई आल्या. डाव मागे लपवायचं त्यांना सुचलं नाही. परीक्षकांनी त्यांच्याकडे पाहिलं, ढोलाकडे पाहिलं, ढोलाभोवती गोल करून बसलेल्या नऊ मांजरांकडे पाहिलं.

"बत्तीस वर्षं बँड बसवला मी," ते म्हणाले. "घोड्यापुढे वाजवला, तोफांपुढे वाजवला. मांजरांपुढे न हसता चालणारी पोरं पहिल्यांदा बघितली."

पथकाला शिस्तीचं बक्षीस मिळालं. वादनाचं दुसऱ्या शाळेला गेलं, ज्यांचे ढोल 'धम' असेच वाजत होते. मास्तरांनी मालूला बोलावलं, नाक शिंकरलं आणि म्हणाले, "ढोल तुझा. पण आधी तो धू."

रोझाबाईंच्या अंगणात ढोल उघडला तेव्हा आवडाबाईने गाठोडं सोडलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बाये, सुके बोंबील धुवून ठेवलेस?"

"स्वच्छ असावेत म्हणून."

"तीन पिढ्या मासळी विकतो आम्ही," आवडाबाई आभाळाकडे बघत म्हणाली, "पण असा खून नाय बघितला." तिने गाठोडं कुंपणापलीकडे मांजरांना टाकलं, पाटीतून ताजी मासळी काढली आणि चूल पेटवली. रोझाबाईंनी बाईंच्या हातातला डाव काढून घेतला आणि त्या जागी कांदे दिले. "हे चिर," त्या म्हणाल्या. "फक्त चिर."

मुलं जेवली. किती जेवली ते उत्तमरावांच्या कोष्टकात बसलं नसतं. बाईंच्या आणि मालूच्या पानात भात, सोलकढी आणि बटाट्याची भाजी होती, आणि ती त्यांनी केलेली नव्हती, त्यामुळे चांगली होती.

जेवण झाल्यावर मालू ढोल घेऊन आईजवळ पायरीवर येऊन बसली. ती ढोलाचा पट्टा हातात घेऊन उलटसुलट करत होती. बाई कांद्याने लाल झालेले डोळे पुसत होत्या. तसं त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं.

"आई," मालू म्हणाली, "उद्या डोंबिवलीचं संचलन आहे. आत काय घालणार आहेस ते आत्ताच सांग. त्या वजनाच्या हिशेबाने पट्टा आवळून ठेवते."